अर्धवट सोडलेलं वर्णन

हिंगणा रोडवरच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरवरची एखादी सेवा बंद पडली, की तिचे लॉग, म्हणजे तिच्या कामाच्या नोंदी, कुठे सापडतील हे आम्ही कोपऱ्यातल्या भाऊंना विचारायचो. ते रुमालाने बाजूची खुर्ची पुसत. “बस गा, सांगतो.”

आता लॉग एआय एजंट शोधतो. त्याच्या हाताशी असलेल्या टूलांपैकी कोणतं टूल कोणते लॉग आणतं, कधी वापरू नये, हे तो ज्यावरून ठरवतो ती वर्णनं भाऊंनीच लिहिली. इतकी स्वच्छ, की त्यांच्याकडे कुणी फिरकेनासं झालं.

फक्त बॅकअपच्या टूलखाली एवढंच आहे: ‘लॉग आणतं.’ एजंट तिथे हमखास चुकतो.

“भाऊ, हे काहून अर्धवट सोडलं?”

“राहून गेलं ना गा,” ते खुर्ची पुसत म्हणाले. “अडलं तं येत जा.”

ते वर्णन मी दोन मिनिटांत पुरं करू शकतो. करत नाही. रोज डबा खाऊन झाला, की त्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि बॅकअपचे लॉग कुठे असतात ते पुन्हा विचारतो.