दामोदरजींच्या रुमालातले वजीर

मी जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी करतो. दिवसभर सुट्या भागांची मापं तपासायची… केसाएवढा फरक चालत नाही. त्यामुळे भूतबीत सांगणाऱ्याला मीच दहा उलटे प्रश्न विचारायचो. आज तुम्ही मला विचारा — माझ्याकडे एकाचंही उत्तर नाही.

गाव बपेरा, तालुका तुमसर. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझी सुमनआत्या बुद्धिबळात भल्याभल्यांना ऐकायची नाही. धानाच्या रोवणीवरून यायची, हातपाय धुवायची की थेट पटावर! गावच्या स्पर्धेत ती फायनलला पोचली. समोर धानाचे व्यापारी दामोदरजी. आत्याचा डाव जवळजवळ जिंकलेला. मध्येच सगळे चहाला उठले, परत येऊन बघतात तर दामोदरजींचा काळा वजीर गायब!

"बाईची पिशवी पाहा," दामोदरजी म्हणाले.

पंच होते आमचे म्हातारे गुरुजी. त्यांनी भर गावासमोर पिशवी उपडी केली… वजीर निघाला.

"मी जिंकून राहिली होती ना गुरुजी," आत्या म्हणाली, "मग मी काहून चोरीन?"

कुणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा कधी पट मांडला नाही. दोन वर्षांनी गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच मी ठरवलं — या माणसालाही गावासमोर चोर ठरवायचं. भंडाऱ्याहून अगदी तसाच काळा वजीर आणला. खेळता खेळता तो दामोदरजींच्या झोळीत सरकवायचा आणि बोंब ठोकायची, की हा जोडीचा वजीर बाळगून खेळतो! साधा सरळ सूड.

रविवारी भर दुपारी शाळेच्या ओट्यावर डाव मांडला. पंच पुन्हा गुरुजी. भोवती वीस-पंचवीस माणसं. पण दामोदरजी झोळी मांडीखाली दाबूनच बसलेले… मला संधीच मिळेना. वजीर माझ्या पँटच्या खिशात तसाच.

बारावी-तेरावी चाल असेल. दामोदरजी एकदम ओरडले, "माहा वजीर कुठी गेला?"

पटावरचं घर रिकामं! कुणी उठलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता.

"आत्यासारखाच भाचा! खिसे पाहा याचे!"

खिशात वजीर होता ना! आता कोण विश्वास ठेवणार? गुरुजींनी खिशात हात घातला…

रिकामा.

मी स्वतः चाचपून पाहिला. खिसा फाटलेलाही नव्हता. तेवढ्यात घाम पुसायला दामोदरजींनी सदऱ्यातून रुमाल काढून झटकला — आणि ओट्यावर टक्-टक् करत पडले काळे वजीर. एक नाही… दोन!

दामोदरजी माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत होते. चेहरा पांढराफटक.

"हासू नका सुमनबाई," ते हात जोडून म्हणाले, "म्याच टाकला होता वो तुमच्या पिशवीत… आता तरी हासू नका!"

आम्हाला कुणालाच हसू ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आत्याच्या फोटोपुढे येऊन लहान मुलासारखे रडले. मी मात्र ओट्यावर टेप घेऊन गेलो. आम्हा दोघा खेळणाऱ्यांमधलं अंतर, हात कुठवर पोचतो, सगळं मोजलं. कशाचाच मेळ बसला नाही, आजही बसत नाही.

घरचे म्हणतात, आत्याला शांती मिळाली. मिळाली असेल. पण एवढ्याशा कबुलीवर तिनं त्या माणसाला सोडून द्यायला नको होतं.