टाळी वाजवून थांबायचं

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही नकाशा पसरला होता. वाघाचं जंगल हिरव्या पेन्सिलीनं, जुनी लेणी लाल पेन्सिलीनं, ही माझ्या बायकोची, सुमनची, शिस्त. पहाटे सफारी, दुपारी लेणी. जिवंत ते जंगलात आणि मेलेलं ते दगडात, असं आम्ही आपल्या सोयीनं वाटून टाकलं होतं.

मग चंद्रपूरकडे ज्यांच्या घरी उतरायचं होतं, त्या रामभाऊंना स्पीकरवर फोन लावला.

"जंगलात तो दिसंलच असं नाही जी," ते म्हणाले. वाघाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "पण लेण्यात शिराच्या आधी टाळी वाजवजा. अन् जराक थांबजा."

"टाळी कशाला?" सुमननं हसत विचारलं.

"आत असंल, तर त्याले उठून जावाले वेळ द्या लागते न. उन्हाचा तो थंड दगडावर पडून राहते. आमचे आजे-पणजेही वाजवत."

सुमनचं हसू विरलं.

देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो. देवाला कळावं म्हणून, असं लहानपणी ऐकलं होतं. पण ज्यानं कुणी पहिली घंटा टांगली, त्याला आतल्या कुणाला उठवायचं होतं?

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गणपतीला गेलो. सवयीनं घंटा वाजवली आणि माझा पाय उंबऱ्यातच अडला. गाभाऱ्यात अंधार होता. मागं वळून पाहिलं, तर सुमनही थांबली होती. एका बाजूला सरकून, वाट मोकळी ठेवून.