बेस बराबर असला की कळत न्हाई

आधी हातातला चहा संपवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. हा किस्सा मी स्वतःहून कधीच कुणाला सांगितला नसता, पण आमची सख्खी बहीण सासरच्या माणसांसमोर सुद्धा गिटार धरल्यासारखं करून दाखवते, डोळे मिटून! मग म्हटलं, तिच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात कामाला होतो. दिवसभर पिशव्यांवर लेबलं चिकटवायची आणि संध्याकाळी सुधाकरदादांच्या ऑर्केस्ट्रात जायचं. दादा स्वतः गायचे. लग्न, हळद, जयंती, जिथून बोलावणं येईल तिथं आम्ही जायचो. आणि माझं काम काय? टेम्पो! माझ्या थोरल्या भावाचा टेम्पो होता. त्यात ढोलक, कॅसिओ, स्पीकरचे बॉक्स सगळं भरायचं आणि गावोगाव न्यायचं.

पण माणसाला चांगलं चाललेलं बघवतं का हो? औरंगाबादेत एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांची बेस गिटार विकायला निघाली, आणि मी ती उचलून आणली. आणायचं कारण ऐका. साध्या गिटारला तारा सहा, हिला चारच. म्हणजे शिकायला दोन तारा कमी!

आमचा आवाजवाला रशीदभाई. मिक्सरच्या बटनांवर बसायचा. पूर्वी बारा वर्षं बेस वाजवलेला माणूस, पण एका अपघातात बोटं गेली आणि गिटार सुटली. त्यानं माझी गिटार हातात घेतली, लेकरासारखी उलटीपालटी करून बघितली.

"चीज चांगली आणली तू. उद्यापासून ये घरी. शिकवतो."

"भाई, चार तारांना कशाला शिकवणी?"

तो नुसता हसला. घरी मात्र असं नुसतं हसणारं कुणी नव्हतं. आमचे आण्णा शाळामास्तर. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं मोठ्या निळ्या अक्षरात 'शिका' असं रंगवलेलं! आणि त्या भिंतीला टेकून मी म्हणत होतो, शिकवणी नको.

"मिलिंद, शिकवणी लाव," आण्णा म्हणाले.

"कॅसेट ऐकून ऐकून येतं हो, आण्णा."

"कॅसेट ऐकून कोणी डॉक्टर झाल्याचं ऐकलंय का?"

"गिटार आहे ही. ऑपरेशन न्हाई."

"मंग पेशंट कोण?"

"आपणच की," आतून भाकरी थापता थापता आई म्हणाली.

खरं सांगतो, मनातून मीही जरा हललो होतो. शिकवणी लावावी की नाही? रशीदभाईलाच विचारलं, "भाई, आपण बराबर वाजवून राह्यलो का चुकून राह्यलो, हे कळतं कसं?"

तो म्हणाला, "सोपं आहे. बेस बराबर असला की कोणाच्या ध्यानातच येत न्हाई. चुकला की साऱ्या मांडवाला कळतं."

झालं! मला फूटपट्टी मिळाली. मी मनाशी ठरवलं, आधी चार कार्यक्रम वाजवून बघायचे. कुणी एक जरी म्हणालं की काहीतरी चुकतंय, तर दुसऱ्या दिवशी शिकवणी. नाही म्हणालं, तर शिकवणीचं नाव काढायचं नाही. आता मला सांगा, यात खोट काय होती?

पहिला कार्यक्रम अंबडला, एका हळदीचा. मी गिटार गळ्यात अडकवली, रशीदभाईनं वायर जोडून दिली. दादांनी गाणं सुरू केलं, मी तारेवर बोट मारलं, आणि बॉक्समधून काय आवाज आला म्हणता! धुम्म, धुम्म, धुम्म! अगदी तालात. अगदी सुरात. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. आणि मांडवात एकानं तरी माझ्याकडे वळून बघावं? एकानंही नाही! बायका हळद लावतायत, पोरं नाचतायत, नवरदेव डोळ्यात गेलेली हळद चोळतोय. कुणाच्या म्हणजे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

मी हवेतच होतो.

दुसऱ्या कार्यक्रमात तर मला आणखी एक शोध लागला. बोट कुठंही ठेवलं तरी आवाज बराबरच येतो! वर ठेवा, खाली ठेवा. तिसऱ्या कार्यक्रमात गाणं चालू असताना कान खाजला म्हणून मी हात काढला, तरी धुम्म धुम्म चालूच. मला वाटलं, जाड तार आहे, आवाज शिल्लक राहत असेल. हसू नका. त्या वेळी ते मला अगदी पटलं होतं.

चार कार्यक्रम झाले, एक तक्रार नाही. मग माझी जीभ सुटली. कारखान्यात डब्याच्या वेळेला मी लोकांना सल्ले द्यायला लागलो. एक जण हार्मोनियम शिकायला जात होता, त्याला मी म्हणालो, "चालत्या माणसाला काठी कशाला पाहिजे?" त्या बिचाऱ्यानं क्लास सोडला! रशीदभाई मात्र दर कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळता गुंडाळता विचारायचा, "मंग, येतोस का उद्या?" मी म्हणायचो, "येऊन काय करू, भाई?" तो पुन्हा वायरी गुंडाळायला लागायचा.

घरी आण्णांचा हेका सुटला नव्हता. शेवटी तेच म्हणाले, "हसनाबादच्या जयंतीला तुमचा कार्यक्रम आहे ना? मी येतो. माझ्या कानानं ऐकतो. बराबर असलं तर पुन्हा शिकवणीचं नाव काढणार न्हाई."

"अन् न्हाई आवडलं तर?"

"तर गपगुमान गुरू करायचा."

"कबूल!"

हसनाबाद म्हणजे आण्णांचं गाव म्हणा ना. तिथल्या शाळेत त्यांनी अकरा वर्षं मास्तरकी केली. मांडवात शिरले तेव्हा जो तो उठून "जय भीम, गुरुजी" म्हणत होता. मिशा पिकलेले बाप्ये त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभे. पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली त्यांना. मला इतका अभिमान वाटला की मी एक ठरवलं. आज नुसतं वाजवायचं नाही. आज आपण एकट्यानं वाजवायचं.

सुधाकरदादांच्या कानात सांगितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रशीदभाईकडे बघितलं, रशीदभाईनं खाली बटनांकडे बघितलं.

"अरे, बेस कोणी एकटा वाजवतं का?"

"म्हणूनच वाजवू, दादा."

"पुढच्या टायमाला बघू."

पण टेम्पोची किल्ली माझ्या खिशात होती, आणि माणूस एकदा चढला की उतरत नाही. तिसरं गाणं संपलं तसा मी माईकच हातात घेतला. "बंधूंनो आणि भगिनींनो! कुठलीही शिकवणी न लावता, केवळ स्वतःच्या मेहनतीवर, आता मी एकटा बेस वाजवून दाखवणार आहे!"

टाळ्या पडल्या. गुरुजींचं पोरगं ना! ढोलक थांबली. कॅसिओवाल्या देविदासनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मी डोळे मिटले, मान मागं टाकली आणि तारेवर जोर काढला.

काहीच नाही.

म्हणजे शांतता! दोन हजार माणूस बसलेलं आणि शांतता. लांबवर जनरेटरची फडफड तेवढी. मी आणखी जोरात. बोटं चाललीत, कंबर हलतेय, मान हलतेय. पुढून एका लेकराचा आवाज आला, "आई, ह्यो काय करून राह्यला?"

मी डोळे उघडले. बॉक्स गेला असणार, दुसरं काय! मी माईकवरून ओरडलो, "भाई, आवाज!" रशीदभाईनं मानेनंच नाही म्हटलं. मी पुन्हा ओरडलो. तो हात जोडतोय, मी ओरडतोय. मग मांडवच ओरडायला लागला, "आवाज! आवाज!" शेवटी आण्णा खुर्चीतून उठले. हळू आवाजात म्हणाले, "रशीदभाई, पोराचा आवाज द्या जरा. मी लांबून आलोय."

रशीदभाईनं छातीवर हात ठेवला, आण्णांची माफी मागितल्यासारखी मान झुकवली, आणि माझं बटन वर सरकवलं.

काय सांगू? अंगणात पत्र्याचं पिंप गडगडत यावं आणि त्यात रेडा असावा, तसा तो आवाज! मांडवाच्या ट्यूबलायटी थरथरल्या. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. गिटारच्या खुंट्या पिरगाळून तारा सुरात लावाव्या लागतात, हे मला कोण सांगणार? विकत आणल्यापासून मी त्या खुंट्यांना हात लावला नव्हता. मला वाटायचं, त्या शोभेला असतात! घाबरून मी बोट दुसरीकडं ठेवलं, तर पहिल्याहून वाईट. तिसरीकडं ठेवलं, तर एक म्हातारा कान धरून उठलाच.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ! मघाचंच चालू द्या की! मघाचं बराबर होतं!"

आणि मांडव टाळ्यांनी कडाडला. दुसरा म्हणाला, "गुरुजी, ह्याला शिकवणी लावा!"

रशीदभाईनं बटन खाली घेतलं. दादांनी घाईनं गाणं धरलं, आणि बॉक्समधून पुन्हा तेच जुनं, गोड धुम्म धुम्म सुरू झालं. मी तारेला हातही लावला नव्हता. वळून बघितलं, तर देविदासचा डावा हात कॅसिओच्या खालच्या पट्ट्यांवर निवांत चालला होता. पहिल्या दिवसापासून तोच चालत होता हो! मी अंबडपासून त्याच्या डाव्या हातावर मिरवत होतो.

परत येताना टेम्पोत आण्णा माझ्या शेजारी बसले होते. एवढंच म्हणाले, "अकरा वर्षं त्या गावाला 'शिका' म्हणून सांगून आल्तो." बस. ओरडले असते तर परवडलं असतं. मला स्टेअरिंगवर रडू आलं, खोटं का बोलू!

जालन्यात सामान उतरवताना मी रशीदभाईला धरलं. "भाई, माझं बटन पहिल्यापासून बंद होतं?"

"बिलकुल."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"दर टायमाला विचारून राह्यलो, येतोस का म्हणून. तू यायला तयार न्हाई. मंग तुझी इज्जत झाकायला माझ्याकडं एक बटनच होतं, मियां."

"अन् दादांनी काढून का न्हाई टाकलं मला?"

"टेम्पो कोण आणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिटार घेऊन त्याच्या दारात. पहिला आठवडा त्यानं मला तारेला हातच लावू दिला नाही. नुसती वायर जोडायची, काढायची, पुन्हा जोडायची. "पहिला सबक," तो म्हणायचा, "एक टोक गिटारीत, दुसरं बॉक्सात. दोन्ही टोकं डोळ्यानं बघितल्याबिगर वाजवायचं न्हाई." मग तारा सुरात लावणं, मग बोटं, मग ताल. वर्षभर गेलो. बोटांना घट्टे पडले. आता खरोखर यायला लागलं होतं, आईची शपथ.

वर्षानं पुन्हा अंबडलाच कार्यक्रम होता. रशीदभाई म्हणाला, "आज तुझं बटन वर." देविदासला सांगितलं, डावा हात आवर. आण्णा पहिल्या रांगेत. माझ्या छातीत अशी धडधड की ढोलक कुठली आणि काळीज कुठलं, कळेना. डोळे मिटले ते दादांनी शेवटचं गाणं संपवल्यावरच उघडले. दहा गाणी! एक बोट चुकलं नाही. मांडवात एकानंही वळून बघितलं नाही!

गिटार स्टेजवरच ठेवून खाली उतरलो आणि आण्णांना गाठलं. "कसं वाटलं?"

"अरे, तुझं तर काही ध्यानातच आलं न्हाई," आण्णा म्हणाले, आणि वर्षात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. "सगळं बराबर होतं."

मी धावतच स्टेजवर गेलो आणि रशीदभाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "उस्ताद, जिंकलो! कोणाच्याच ध्यानात आलं न्हाई!"

वर बघितलं तर त्याच्या हातात एका वायरचं टोक होतं. त्या वायरीवरून नजर फिरवत गेलो. ती सतरंजीखालून आली होती, माईकच्या पायाला वळसा घालून आली होती, आणि तिचं दुसरं टोक माझ्या गिटारीत होतं.

"पहिल्याच गाण्याला बघितलं मी," रशीदभाई म्हणाला. "सांगणार होतो. पण तू डोळे मिटून घेतलेले. मंग देविदासला म्हणलं, चालू दे बाबा डावा हात."

उठलो, खाली आण्णांकडे चोरून बघितलं आणि हळूच विचारलं, "उस्ताद, उद्या किती वाजता येऊ?"