अजून एक षटक

सर्जेराव औताडेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पहिली पाळी सातची. त्याआधी वाळूजमधल्या भाड्याच्या खोलीतून निघून तो कंपनीच्या मैदानावर यायचा, अंधारातच धावून घ्यायचा आणि फटफटलं की गोलंदाजी सुरू करायचा. यष्ट्यांमागं मी. त्याचा चेंडू हातमोज्यात बसला तरी तळहात सुन्न व्हायचा. मग दिवसभर कारखान्यात प्रेस मशीनवर पत्रा धरताना तोच हात ठणकत राहायचा.

आम्ही दोघं एकाच प्रेस शॉपला. माझं मशीन त्याच्या शेजारी. माझं नाव सांडू, वयानं थोडा मोठा, म्हणून तो मला सांडूभाऊ म्हणायचा. तो भारताकडून दोन एकदिवसीय सामने खेळला. आता बजाजनगरात कुणाला सांगितलं तर पोरं मोबाईलवर शोधतात आणि म्हणतात, “काका, हे तर खरंच हाय की!” पुढचा प्रश्न ठरलेला. दोनच का? लोक म्हणतात, नशीब. मी तिथं होतो. नशिबाचा त्यात फारसा हात नव्हता.

सर्जेरावचं गाव पैठणकडचं. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई पारूबाई सरकारी कामावर खडी फोडायला जायची आणि त्याला बरोबर न्यायची. सकाळी मुकादम रांगेतून फिरायचा. कुणी कमरेला हात लावून उभं दिसलं की म्हणायचा, “जा बाई घरी. आराम कर.” त्या बाईचं त्या दिवसाचं काम गेलं, धान्य गेलं. त्यामुळं कुणाचंच काही दुखत नसे. पारूबाई मुकादम जवळ आला की दोन्ही हातांनी हातोडा धरून उभी राहायची, म्हणजे हात चुकूनही कमरेवर जायचा नाही. हे सगळं सर्जेरावनंच मला सांगितलं. सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. काम असंच टिकवायचं असतं, असं तो सांगत होता.

पुढं तो वाळूजला आला. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत आणि वाळूजला ज्वारीच्या रानात एकेक शेड उभी राहत होती. सर्जेराव प्रेसवर लागला, कंपनीच्या संघात आला, तिथून राज्याच्या आणि एका हिवाळ्यात भारताच्या. दोन्ही सामन्यांत त्यानं बळी घेतले. रेडिओवर त्याचं नाव आलं तेव्हा कॅन्टीनमध्ये भांडी वाजवली लोकांनी. तो सोमवारी कामावर हजर. “आला बघा इंडियाचा बॉलर,” कुणीतरी ओरडलं. “अरे, त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या उचलून द्या कुणीतरी!”

“तुझ्या तू उचल,” सर्जेराव म्हणाला, “त्याच उचलत नाहीस म्हणून उत्पादन कमी येतं तुझं.”

खेळाडूंना दुपारनंतर सुट्टी मिळायची. तो पाळी पूर्ण करायचा. पूर्ण काम करणारा माणूस मला आवडतो, म्हणून माझं त्याच्याशी जमलं.

मग पाऊस गेला. एक साल, दुसरं साल. शहरात नळाला पाणी येईना आणि कामगारांच्या वस्त्या तर नव्यानं वसलेल्या, तिथं नळच नव्हते. कंपनीनं मैदानाला पाणी देणं बंद करून टँकर वस्तीकडं वळवला. बरोबरच केलं. पण मैदान तापून फरशीसारखं झालं. मध्ये मॅट अंथरलेली, तिच्याखाली आणि धावायच्या वाटेवर नुसता दगड. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय सगळ्या अंगाच्या वजनानिशी आपटतो. मऊ जमीन तो दणका निम्मा खाते. ती जमीन काहीच खात नव्हती. सगळा दणका पायातून कमरेत जायचा.

परदेश दौऱ्यासाठी संघ निवडायचा होता. त्याआधी शहरातल्याच एका मैदानावर निवडीचा सामना ठरला. या दौऱ्यावर गेला असता तर सर्जेराव पक्का झाला असता. हे त्याला माहीत होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यानं सरावाची षटकं वाढवली.

मला आधी प्रेसवर कळलं. पट्ट्या उचलायला माणूस वाकतो. सर्जेराव उकिडवा बसून उचलायला लागला. धुणं धुवायला बसलेल्या बाईसारखा बसायचा आणि मशीनला धरून उठायचा.

“कंबर गेली का रे?” मी विचारलं.

“नाय.”

“मग असा का बसतोस?”

“सवय लावतोय. परदेशात असंच बसत्यात.”

हसला. मी हसलो नाही.

त्याच आठवड्यात त्याची बायको आशाबाई मला टँकरच्या रांगेत भेटली. हंडा खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, “भावजी, रोज मिठाच्या पुरचुंडीनं शेकते मी त्यांना. कूस बदलताना दात आवळत्यात. माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी बोला कुणाला.”

मी बोललो. आप्पासाहेब आमचे कामगार अधिकारी आणि संघाचे व्यवस्थापकही. चांगला माणूस. त्यांनी सर्जेरावला शॉपमध्येच गाठलं.

“सर्जा, खरं सांग. दुखत असेल तर दोन महिने खेळ बंद. नोकरी कुठं जात नाही, मी बसलोय. आणि दौरे काय, पुढच्या वर्षीही असतील.”

“कोण म्हणतं दुखतं?”

शेजारी तयार मालाची लोखंडी पेटी होती. ती दोघांनी उचलायची असते. सर्जेरावनं ती एकट्यानं उचलली, आप्पासाहेबांच्या समोर छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, “कुठं ठेवू, साहेब?”

सगळ्यांच्या हातचं काम थांबलं होतं. आप्पासाहेबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडावर काहीच दिसत नव्हतं. “ठेव खाली,” ते म्हणाले आणि गेले.

पेटी ठेवल्यावर सर्जेराव माझ्याकडं न बघता बोलला, “सांडूभाऊ, आमच्या गावाकडं अशा माणसाला मुकादमाचा कान म्हणत्यात.” त्यानंतर सामन्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पहाटे मात्र मैदानावर यायचा. मी यष्ट्यांमागं उभा राहायचो. तो टाकायचा, मी धरायचो, शब्द नाही.

सामन्याच्या सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. आप्पासाहेबांनी मला सामान सांभाळायला नेलं होतं, मी दारातच होतो. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून अंगठा दाबत खाली नेला.

“इथं?”

“नाय.”

“इथं?”

“नाय, साहेब.”

मानेवर घाम आला होता त्याच्या. खोलीत सगळ्यांनाच आला होता, उन्हाळा होता. डॉक्टरांनी पुढचा खेळाडू बोलावला.

सकाळी सर्जेराव जसा टाकत होता तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. सलामीचा फलंदाज त्रिफळाचित. दुसऱ्यानं बॅट आडवी घातली आणि स्लिपमध्ये झेल. निवड समितीची माणसं मांडवात पुढं सरकून बसली. प्रत्येक चेंडूनंतर परत जाताना तो जरा सावकाश चालत होता. बाकी कुणाला ते दिसलं नसावं.

जेवणाच्या सुट्टीत आप्पासाहेब लगबगीनं आले. आवाज दाबून म्हणाले, “सर्जा, झालं. तुझं नाव पक्कं आहे, आत्ता माझ्यासमोर बोलले. दुपारी टाकू नकोस.”

“कप्तानानं बॉल दिला तर?”

“नको म्हण.”

“सगळ्यांच्या देखत नको कसं म्हणू, साहेब?”

“तोंडानं म्हण की! शब्द एकच आहे.”

सर्जेरावनं माझ्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी. मी म्हणालो, “सर्जा, ऐक त्यांचं.” तो बुटाची नाडी बांधत राहिला. वाकून नाही, पाय बाकावर घेऊन.

दुपारी कप्तानानं त्याला बोलावलं. त्यानं दोन षटकं टाकली. वेग उतरला होता, पण कुणी मारत नव्हतं. षटक संपल्यावर कप्तान त्याच्याजवळ गेला. मी सीमारेषेवर होतो, शब्द ऐकू आले नाहीत. नंतर त्यानंच सांगितले. कप्तान म्हणाला होता, “बस करायचं?” आणि हा म्हणाला, “अजून एक टाकतो.”

नाव पक्कं झालेलं. समोर कुणी मुकादम नव्हता. तरी त्याच्या तोंडून “बस” निघालं नाही. “मांडवातली मानसं बघत होती, सांडूभाऊ,” तो पुढं मला म्हणाला. “बस म्हटलं असतं तर नाव कापलं असतं, असंच वाटलं मला.”

त्या षटकात तो पूर्ण धावेनं आला. पहिला चेंडू बरा पडला. दुसऱ्याला पुढचा पाय आपटला आणि हात वर गेला, पण चेंडू सुटलाच नाही. चेंडू हातात घेऊनच तो खेळपट्टीवर बसला. ओरडला नाही. पंचांनी विचारलं तर म्हणाला, “पाय सरकला.” उठायला गेला आणि उठता येईना. आम्ही चौघांनी त्याला उचलून आणलं, तेव्हाही तो “सोडा, चालतो मी” म्हणत होता.

मणक्याचं हाड चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, चीर जुनी आहे, काही महिन्यांची. दोन महिने पडून राहिला असता तर भरली असती. दौऱ्यावर दुसरा गोलंदाज गेला. सर्जेराव पुढं दोन मोसम राज्याकडून खेळला, पण तो दणका आता कंबर सोसत नव्हती आणि दणक्याशिवाय वेग नाही. भारताच्या संघासाठी परत कुणी त्याचं नाव घेतलं नाही.

त्याच्याइतकी मेहनत करणारा माणूस मी पाहिला नाही. त्याची चूक झाली हेही मी त्याच्या तोंडावर म्हटलंय. आमच्याकडं मशीनचा आवाज बदलला की मशीन बंद करून बघतात. बंद करणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. स्वतःच्या अंगाला हा नियम त्यानं कधी लावला नाही. आम्हीही सगळे त्याच्या सहनशक्तीचं कौतुकच करत आलो होतो.

आप्पासाहेबांनी त्याला तयार माल तपासायचं बैठं काम देऊ केलं. तो प्रेसवरच राहिला, फक्त पट्ट्या मी उचलून द्यायचो आणि त्यावर आता कुणी विनोद करत नव्हतं. मैदानावर पुढं सुट्या भागांची शेड आली. ज्वारीची रानं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या. दुष्काळ मध्येमध्ये येतच राहिले. सर्जेराव निवृत्तीपर्यंत काम करत राहिला.

फंड मिळाल्यावर त्यानं बजाजनगरात घर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचं स्वस्त होतं, हवेशीर होतं, आशाबाईला आवडलं होतं. पण जिना चढून गेल्यावर सर्जेराव बराच वेळ कठडा धरून उभा राहिला. तिनं ते पाहिलं आणि खाली आल्यावर दलालाला म्हणाली, “आम्हाला खालचं दाखवा.” तळमजल्याचं महाग पडलं. प्रेसवरच्या सगळ्या वर्षांची कमाई त्यात गेली. दाराला एकच पायरी होती. तीही त्यानं गवंडी लावून उतरती करून घेतली.