यादीतलं विसावं नाव

यज्ञेश्वर मुळे उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचा आणि सरकारी दवाखान्यात कारकून होता. दर माघात तिथे बाहेरून डोळ्यांचे डॉक्टर येत. वीस गरिबांच्या मोतीबिंदूचा खर्च सरकार करी, एकविसाव्याचा नाही. ज्यांच्या घरात पगार येत नाही असेच वीसजण मोहल्ल्यात फिरून निवडायचे, हे काम यज्ञेश्वरकडे होतं.

१९३४च्या यादीत विसावं नाव बकुळकाकूंचं होतं. त्या विधवा, अन्नछत्रात पोळ्या करून राहणाऱ्या. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधुक. त्याच हिवाळ्यात यज्ञेश्वरची आई, तिलाही मोतीबिंदूच, न दिसल्याने चुलीला हात लागून भाजली. पैसे भरून शस्त्रक्रिया करता आली असती, दोन महिने ओढाताण झाली असती इतकंच. पण त्याने बकुळकाकूंचं नाव खोडलं आणि आईचं लिहिलं, माहेरच्या आडनावाने.

"काकू, या साली जागा भरल्या. पुढच्या माघात पहिलं नाव तुमचंच," तो म्हणाला.

"बरं बाबा. तू आहेस म्हणून काळजी नाही."

आईला दिसू लागलं. जाड भिंगांचा चष्मा लावून ती घाटावर जायची, होड्यांतली माणसं ओळखायची. पोराचं कौतुक सगळ्या गल्लीला सांगायची. ते ऐकू आलं की यज्ञेश्वर घराबाहेर पडायचा.

पुढच्या माघात त्याने काकूंना स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. "देर हो गई. मोतिया पककर अंदर दबाव बढ़ गया, नस सूख गई. पिछले साल क्यों नहीं लाए?"

काकूंची दृष्टी आता परत येणार नव्हती. परतताना गल्लीतच तो थांबला आणि सगळं सांगून टाकलं.

काकू तिथेच भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "आईसाठी केलंस, समजतं मला. पण मला खोटं का बोललास? खरं सांगितलं असतंस तर पैशांसाठी कुणाच्या तरी हातापाया पडले असते." त्याने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. भिंतीला हात लावत त्या एकट्या गेल्या.

आईलाही त्याने सांगितलं. ती रडली. चष्मा काढून ठेवला, दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो लावून ती अन्नछत्रात गेली आणि काकूंच्या जागी पोळ्या लाटायला बसली. लेकाशी मात्र ती बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती.

यज्ञेश्वरने मोठ्या डॉक्टरांना लेखी कबुली दिली. त्याची बढती रोखली गेली, नोकरी राहिली. त्याच्याच विनंतीवरून यादी दवाखान्याच्या दारावर लागू लागली आणि कुणाची हरकत आहे का, हे मोहल्ल्यात ओरडून विचारलं जाऊ लागलं. लोक त्याला प्रामाणिक म्हणत. ते ऐकून त्याची मान खाली जायची.

बकुळकाकू त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. समोर आला की नेहमीसारख्या बोलत. पण दवाखान्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माफ केलं, असंही कधी म्हणाल्या नाहीत.