भिजत घातलेला निकाल

आमच्या घरात लिहिणं-वाचणं माझ्यापासूनच सुरू झालं, त्यामुळे चारचौघांसमोर काही लिहून ठेवायला मन धजत नाही. तरी लिहितो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषयही मोठा नाही, घरातल्या रद्दीचा आहे.

कारखान्याच्या चाळीत राहायला आलो तरी आईची आमच्या गावची, रहाटणीची, सवय सुटली नव्हती. चुलीची राख भांड्यांना, भाजीची देठं शेजारच्या म्हशीला, फाटकी लुगडी गोधडीत. रद्दीचा ती लगदा करायची. कागद फाडून भिजत घालायचे, त्यात मेथी टाकायची, उखळात कुटायचं आणि पालथ्या पातेल्यावर थापायचं. वाळलं की दुरडी तयार. समोरच्या कारकुनांकडे वर्तमानपत्र येई. त्यांचं वाचून झालं की ते आमच्याकडे येई, ते या दुरड्यांसाठीच.

त्या उन्हाळ्यात मी इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, निकालाची वाट बघत होतो. मधेच मामांच्या विहिरीचा गाळ काढायला महाळुंग्याला जावं लागलं. तिथे वर्तमानपत्र पोचत नसे. परतलो तेव्हा कारकुनांनी दारातच सांगितलं, की निकाल परवाच छापून आला आणि अंक नेहमीप्रमाणे आईकडे दिला.

मी घरात धावलो. घमेल्यात करडा लगदा होता, वर मेथी तरंगत होती.

आईला वाचता येत नव्हतं. निकाल पत्राने येतो, अशी तिची समजूत. दोन दिवस ती पोस्टमनची वाट बघत होती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी कारखान्यात शब्द टाकला होता. त्याच संध्याकाळी शिफ्टला जाताना त्यांना तिथे हो की नाही ते सांगायचं होतं. पास झालो तर पुढचं कॉलेज, नापास झालो तर दुसऱ्या दिवसापासून कारखाना. पुण्याला जाऊन कॉलेजातला फलक बघून परत यायला गाडी साधत नव्हती.

मी तसाच बाहेर पडलो. न्हाव्याकडे परवाचा अंक होता, पण त्याचे चौकोन करून त्यांवर त्याने वस्तऱ्याचा फेस पुसला होता. हॉटेलवाल्याने त्याच्या अंकात भजी बांधून दिली होती. वाण्याकडे पुड्यांची चळत दिसली. मी एकेक उलटून बघू लागलो, तसा तो म्हणाला, "राव, निकाल शेंगदाण्याबरोबर गेला असेल. आता घरोघर जाऊन पुड्या सोडणार का?"

लोक हसले. मी मात्र उरलेल्या पुड्याही उलटून बघितल्या. एरवी ज्या काटकसरीचं कौतुक वाटायचं, तिचाच त्या दुपारी राग येत होता. एवढ्या वस्तीत दोन दिवसांपूर्वीचा एक कागद धड उरला नव्हता.

घरी आलो तर आई घमेल्यात हात घालून भिजलेले तुकडे वेगळे करत बसली होती. अक्षरं शाईसकट विरघळली होती. मी नको म्हटलं तरी ती थांबेना. आबा डबा घेऊन उंबऱ्याशी उभे होते.

एकदम आईचे हात थांबले. "आरं, समदा न्हाई भिजवला. शेजारच्या वैनींनी फळीवर घालाया एक पान मागितलं व्हतं."

शेजारच्या वहिनी बीडकडच्या. त्यांनी काही न विचारता फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवले. तेलाच्या बरणीखाली कागदावर वर्तुळ उठलं होतं. त्याच्या आत-बाहेर नंबरच नंबर. मी बोट ठेवून वाचू लागलो, ओळ चुकली, पुन्हा वरून सुरुवात केली. मागे आई उभी होती, तिच्या ओल्या हातांना मेथीचा वास येत होता.

"हाय का?" आबांनी दारातूनच विचारलं.

यादी तिसऱ्या वर्गात पास झालेल्यांची होती. तेलाने शाई थोडी पसरली होती, पण नंबर माझाच होता.

"हाय," मी म्हणालो.