पहिली फेरी

कॅनडात, मिल्टनमध्ये आमच्या शेजारी राहणारे रिटायर्ड इंजिनिअर काका लहान मुलांनासुद्धा अहो-जाहो करायचे. बोल्टशीही तसंच. गंजलेला बोल्ट हलेना, की पाना लावून म्हणायचे, "या, बाहेर या, घाई नाही." आणि मधेच फ्लास्कमधला चहा प्यायचे.

विंटर टायर लावायच्या आधी त्यांनी आमच्या गाडीचे ब्रेक आमच्याच ड्राइव्हवेवर बदलायला घेतले. चाकं मी काढायची, पॅड आणि रोटर त्यांनी बसवायचे. दसरा होता. नवा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, घासलेल्या ताटलीसारखा चमकत होता. तो बघून बायको हळदकुंकू घेऊन आली आणि थेट त्यालाच बोट लावायला वाकली.

"हात मागे घे!" काका ओरडले. ती दचकली. मग तेच ओशाळले. "सॉरी हं. तिथं काही लागलं तर ब्रेक नीट धरणार नाही. बॉनेटला लावा ना."

चाकं चढली. काकांनी आत बसून ब्रेकचं पेडल दाबून दाबून घट्ट केलं. मी शेजारी बसायला गेलो, तर त्यांनी दार आतून लॉक केलं. काच खाली करून म्हणाले, "पहिली फेरी माझी एकट्याची. काम मी केलंय, चुकलं असेल तर मलाच भोवू दे."

कोपऱ्यापर्यंत मागचे लाल दिवे लागत-विझत गेले. आम्ही दोघं बघत राहिलो. गाडी परत आली, दारात अलगद थांबली. काका हसत उतरले. बायको पुढे झाली आणि बॉनेटच्या आधी तिनं कुंकवाचं बोट काकांच्या कपाळाला टेकवलं.